एकतिसावी ओळ

संगणकाने एकतिसावी ओळ गाळली आणि तसं मला कळवलंही, तक्त्याच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत. एका मुलाची दुसरी नोंद नाही, म्हणून त्याला धरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात नवीन काही नव्हतं. हे असंच होतं हे मी सात वर्षं बी.ए.च्या पोरांना फळ्यावर शिकवत आले आहे. एकाच माणसाला दोनदा मोजायचं तर दोन्ही आकडे हवेत, एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही, माणूस काढून टाकायचा. परीक्षेत हे दोन मार्कांना येतं आणि पोरं ते पाठ करून लिहितात. तरीही सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, एप्रिलच्या दुपारी, पंखा नुसती गरम हवा खाली ढकलत असताना, ते वाक्य मला मान्य होईना. मी ती ओळ परत आणली. यंत्राने ती परत गाळली. तिसऱ्यांदा मी रिकाम्या चौकटीत चक्क मराठीत ‘नाही’ असं टाइप केलं, तर त्याने सगळा तक्ताच तांबडा केला. त्याला आकडा हवा होता. आतल्या खोलीत आई वर्षाचे गहू निवडत बसली होती, तिने तिथूनच विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, काही नाही.

काही नाही म्हणायची सवय मला फार जुनी आहे. खरं तर खूप काही झालं होतं आणि त्यातलं निम्मं माझ्याच हाताने. माझा प्रबंध पाथर्डी तालुक्यातल्या मुलांच्या स्मरणशक्तीवर आहे. आईबाप ऊस तोडायला जातात, मुलं बरोबर जातात, पाच महिने शाळा बुडते, तेव्हा त्यांच्या लक्षात ठेवण्यावर काय परिणाम होतो, असा साधा प्रश्न. साधा म्हणून मी घेतला होता. सुरुवातीला दोन गट केले. चाळीस मुलं जाणारी, चाळीस मुलं आजी-आजोबांपाशी गावात राहणारी, दोघांची एकाच दिवशी चाचणी, दोघांची तुलना, विषय संपला. विद्यापीठात ते मांडायला उभी राहिले तेव्हा बाहेरून आलेल्या एका सद्गृहस्थांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवत विचारलं की मॅडम, राहणाऱ्या मुलांच्या घरी दोन एकर विहिरीचं पाणी असेल, म्हातारी धडधाकट असेल, म्हणूनच ती राहिली ना? मग हा फरक उसाचा की घराचा? मी काहीतरी बोलले. ते मानेनेच हं म्हणाले. चाळीस अधिक चाळीस, ऐंशी मुलं, दीड वर्षाची मेहनत, आणि त्या एका हं मध्ये सगळं पाण्यात गेलं. माणूस बरोबर बोलत होता याचाच राग जास्त येत होता.

मला तर ते दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. दोन गटांची तुलना म्हणजे काय ते मी जन्मापासून भोगते आहे. आई नगरपालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होती, पुष्पावतीबाई म्हटलं की अजून माळीवाड्यातले पन्नाशीचे बाप्ये उठून उभे राहतात. तिच्या घरात दोन मुली, एंजेला आणि मी लिडिया, आणि एक वाक्य: एंजेलाकडे बघ. एंजेलाचं अक्षर बघ, एंजेला चर्चमध्ये कशी सरळ बसते बघ, एंजेला एकदा सांगितलं की विसरत नाही. मी अकरा वर्षांची असताना रडत ओरडले होते की मला माझ्याशीच ताडून बघ ना, मागच्या वर्षी मला सत्तावीसचा पाढा येत नव्हता, आता येतो. आई हसली होती, आणि एंजेलाने तेवढ्यात एकोणतिसाचा म्हणून दाखवला होता. ती आता पुण्यात एका इस्पितळात सगळ्या नर्सेसच्या वर आहे. मी एक्केचाळीस वर्षांची, तासांवर शिकवणारी, तिसऱ्यांदा मुदतवाढ घेतलेली. या तीस एप्रिलला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, मग चौथी मुदत नाही. म्हणून त्या सद्गृहस्थांच्या हं नंतर मी हट्टाने आराखडा बदलला. दोन गट नकोत. तीच मुलं, त्यांचीच दोनदा चाचणी, एकदा जायच्या आधी आणि एकदा आल्यावर. प्रत्येक मूल स्वतःच्याच शेजारी उभं. घर तेच, म्हातारी तीच, डोकं तेच, बदलला तो फक्त मधला काळ. किती न्यायाचं वाटलं होतं मला ते. जणू अकरा वर्षांच्या मुलीचं गाऱ्हाणं शेवटी कुणीतरी लिहून घेतलं होतं.

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. एका माणसाला दोनदा मोजायला गेलं की तो पहिल्यांदा मोजलेला माणूस राहत नाही. त्याला चाचणी माहीत झालेली असते. म्हणून दुसऱ्या वेळी दुसरे शब्द लागतात, तेवढेच अवघड, आणि तेवढेच अवघड आहेत हे आधी शंभर मुलांवर तपासून घ्यावं लागतं. माझे मार्गदर्शक राधाकृष्ण सर मला हे तीनदा म्हणाले. चांगले आहेत ते, थकलेले आहेत, निवृत्तीला सहा महिने उरलेत. मी त्यांना म्हटलं, सर, ऑक्टोबर आला, मुकादमाचे टेम्पो दसऱ्यालाच लागतात, शंभर मुलं आणू कुठून? आणि पुढे जे म्हटलं ते मला आता शब्दशः आठवतं, कारण ते म्हणताना मला स्वतःच्या व्यवहारीपणाचं कौतुक वाटलं होतं. मी म्हटलं, सर, पाच महिने उसाच्या फडात राहून आल्यावर कुणाला बारा शब्द आठवणार आहेत? सर हसले आणि त्यांनी सही केली. माझ्या सगळ्या प्रबंधाचा पाया हा होता की ही मुलं विसरतात. मी ते सिद्ध करायला निघाले होते, आणि निघण्याआधीच धरून चालले होते.

विहीर, चप्पल, शेळी, पाटी, ढग, चिंच, कुलूप, भाकर, आरसा, दोरी, पूल, कंदील. दोन सेकंदांना एक, असे बारा शब्द मी वाचायचे, मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग विचारायचं, किती आठवतात. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्या गावच्या शाळेत टेम्पो पटांगणातच उभा होता, भांडीकुंडी चढत होती, एक शेळी वर चढायला तयार नव्हती आणि तिच्यावरून दोन बाया भांडत होत्या, आणि मी सातवीच्या वर्गात बाकावर स्टॉपवॉच घेऊन. पत्र्याचं दार नीट लागत नव्हतं. बाहेर रांगेतली पोरं आतलं ऐकत होती हे मला दिसत होतं. मी दार दोनदा लावलं, तिसऱ्यांदा नाही लावलं. मुलं सात सांगायची, सहा सांगायची, एकाने नऊ सांगितले. एकतीस नंबरची मुलगी आत आली, तेरा वर्षांची, तेल लावून चापून बांधलेली वेणी, आणि बसायच्या आधीच म्हणाली की घड्याळ मी धरू का. मी म्हटलं नाही. तिने बाराच्या बारा सांगितले. मी कागदावर लिहीत होते, तोवर ती म्हणाली, उलटे म्हनू का? आणि कंदिलापासून विहिरीपर्यंत उलटे म्हणून दाखवले, बोटांवर, घाई न करता. उलटं म्हणण्याला माझ्या कागदावर रकाना नव्हता. मी शेरा लिहिला, सहकार्य उत्तम. तिने जाताना विचारलं की हे मोजून तुमी काय करता. मी सांगितलं की तुम्ही परत आल्यावर पुन्हा विचारणार. ती म्हणाली, बरं, मंग ध्यानात ठिवते.

तिची आई छबूबाई संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला आली तेव्हा मी सगळ्यांना वाचून दाखवायचे तेच तिलाही वाचून दाखवलं, की मुलांची नावं कुठेही उघड केली जाणार नाहीत. बाकीच्या बाया ऐकत नव्हत्या, तिने मात्र ते मला परत वाचायला लावलं. नाव न्हाई ना सांगनार कुनालाच? नाही, मी म्हटलं, कुणालाच नाही, आता ती फक्त एकतीस नंबर. तिने अंगठा दिला. मला तेव्हा वाटलं, किती जागरूक बाई आहे. परवापासून मी त्या अंगठ्याकडे पुन्हा पुन्हा पाहते आहे. तिला तेव्हाच काही ठाऊक होतं की नुसतीच पोलिसी कागदांची भीती होती, हे त्या जांभळ्या ठशातून काही निघत नाही. मला दुसरं काही निघावं असं वाटतंय की नाही, तेही मला कळत नाही.

परवा, शनिवारी, सकाळच्या शाळेला मी जीपने गेले. पाडव्यानंतर माणसं परत आली होती. त्या शाळेत तेवीस मुलं तपासायची होती, उरलेली पंचवीस पलीकडच्या डोंगरावरच्या वस्तीवर, या गुरुवारी. पहिली अकरा जी आली ती दुसऱ्या टेम्पोतली, ती लांब कोल्हापूरकडे गेली होती. पाच सांगायची, चार सांगायची, खिडकीबाहेर बघायची. माझं अनुमान बरोबर ठरत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. चार शब्द सांगणाऱ्या पोराच्या नावापुढे चार लिहिताना मला बरं वाटत होतं. मग पुढचा मुलगा आला. मी अजून शब्द वाचलेच नव्हते. मी म्हटलं, बस. तो बसला आणि एका दमात म्हणाला, विहीर चप्पल शेळी पाटी ढग कुलूप भाकर आरसा दोरी पूल कंदील. अकरा. मी म्हटलं, थांब, आधी मी वाचते. मी वाचले, पाच मिनिटं बोलले, विचारलं. तेच अकरा, त्याच क्रमाने, ढग म्हटल्यावर एक श्वास सोडून, मग कुलूप. पुढची मुलगी, तेच अकरा. त्यापुढचा, तेच. ढगानंतर तोच श्वास. अशा सहाव्या मुलापर्यंत माझं डोकं फिरलं होतं. मी तशीच उठून ऑफिसात गेले आणि हनुमंत गुरुजींना, जे त्या शाळेत एकटे चार वर्ग सांभाळतात आणि ज्यांनी मला खुर्ची, चहा, पोरं, सगळं दिलं, त्यांना म्हटलं की तुम्ही पोरांकडून पाठ करून घेतलंत, माझं वाटोळं केलंत. गुरुजींनी खडू खाली ठेवला. म्हणाले, बाई, पोरं येऊन आठ दिस झाले, मला अजून त्यांची पुस्तकं सापडंनात, तुमचे शब्द कुठनं पाठ करून घेऊ? त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते अधिक लागलं. मी माफी मागितली नाही. परत येऊन बाकावर बसले.

या दुसऱ्या अकरांतली दहावी आली ती स्नेहल, अकरा वर्षांची, उन्हाने रापलेली, उसाच्या पातीने हातांवर बारीक बारीक रेघा उमटलेल्या. तिनेही तेच अकरा म्हटले. मी पेन ठेवलं आणि विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं, मी रागावणार नाही. खरं तर मी रागावलेलीच होते आणि तिला ते दिसत होतं. तिने बाहेर बघितलं, मग सांगायला लागली, आणि मी आधी दोन मिनिटं तिचं बोलणं नुसती चाचणी बिघडल्याची नोंद म्हणून ऐकत होते. त्यांच्या टेम्पोतली माणसं जुन्नरच्या बाजूला नदीकाठी होती, कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या खोपटांत. फडात बिबट्याची माणसं आली होती, म्हणजे जंगलखात्याची, सांगून गेली होती की अंधार पडायला लागला की पोरं एकटी ठेवू नका. पण आईबाप फडात, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. लहानी पोरं उसाच्या वाढ्यांच्या ढिगामागे, बांधामागे, कुठंही खेळत.

“मंग दिशाताईनं शब्द वाटले,” स्नेहल म्हणाली. “आमी बारा जनं हुतो, शब्दबी बारा. दिस बुडाया लागला की कोपीपुढं वळीनं हुबं ऱ्हायचं अन् ज्यानं त्यानं आपला शब्द वरडायचा. ज्याचा आला न्हाई त्याला हुडकाया जायाचं. नाव घेतलं तर लहानी पोरं एकाच्या जागी दुसरंच व्हय म्हनत्यात. शब्दाला तसं न्हाई करत.”

मी विचारलं, आणि चिंच? तुम्ही सगळे चिंच का गाळता?

“चिंच तिची हुती. कुनालाच नको हुती, चिडवत्यात म्हनून. मंग तिनं घेतली.” तिने बाकावरचं लाकडाचं कुसळ नखाने उचकटलं. “माघात लगीन केलं तिचं. तिकडंच, कोपीवर. शेवगावकडं दिलीया. मंग ढग झालं की समदी गप व्हायची अन् तिचा भाऊ करन रडाय लागायचा. म्हनून तो शब्द आमी काढला. आता बिगर चिंचंचंच म्हनतो.”

मी तिला अकरा गुण दिले. हे सांगायला मला लाज वाटते, पण सवयीने हाताने ते केलं. बारापैकी अकरा. ऑक्टोबरात तिचे सात होते. त्यानंतर करण आला, नऊ वर्षांचा, शेवटचा अकरावा, त्याने ढगापर्यंत म्हटलं, श्वास घेतला, पुढचं म्हटलं. मी त्याला काहीच विचारलं नाही. यादीत पुढचं नाव एकतीस नंबरचं होतं आणि बाक रिकामा होता. गुरुजींना मी जाताना विचारलं की दिशा आली नाही का, तर ते पटांगणात पडलेल्या उन्हाकडे बघत म्हणाले की न्हाई आली. दोघांनाही माहीत होतं. त्यांना याच गावात राहायचं आहे आणि मला गुरुवारी पलीकडच्या वस्तीवर जायचं आहे.

जीपमधूनच मी राधाकृष्ण सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की अगं, हे सोपं आहे, या अकरा मुलांनी पाच महिने सराव केला, त्यांची चाचणी दूषित झाली, ती अकरा काढ, पायाशी एक टीप दे. उरलेल्यांत तुझं अनुमान स्वच्छ येतंय. मी म्हटलं, सर, त्यांनी सराव नाही केला, त्यांनी त्याच्यावर पोरं जिवंत ठेवली. सर म्हणाले, ते सुंदर आहे, पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. आणि एकतीस नंबर? मी विचारलं. ती तर आपोआपच गळेल, दुसरी नोंद नाही ना. मी म्हटलं, सर, ती तेरा वर्षांची आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं तेही सगळं खरंच होतं. की मी कागदावर शब्द दिलाय. की मी तक्रार केली तर दोन तासांत त्या डोंगरावर कळेल आणि गुरुवारी पंचवीसपैकी एकही आई आपलं मूल माझ्यासमोर बसवणार नाही. की तीस तारीख चुकेल. की यापुढे त्या तालुक्यात कुठल्याच संशोधकाला कुणी दार उघडणार नाही. “लिडिया, तू संशोधक आहेस, तहसीलदार नाहीस,” ते म्हणाले, आणि मग अगदी मायेने, की निदान महिनाभर थांब, प्रबंध दे, मग बघ काय करायचं ते. महिनाभर. तेरा वर्षांच्या मुलीचा महिना कसा असतो, हे त्यांना विचारावंसं वाटलं आणि मी विचारलं नाही. हो सर म्हटलं.

हो सर म्हणणारी ही मी कोण, हे मला काल चर्चमध्ये बसल्या बसल्या सारखं टोचत होतं. एंजेलाशी तुलना करायची नाही असं ठरवलं तर मग माझी माझ्याशीच करायला हवी. चोविसाव्या वर्षी मी मुलींच्या एका वसतिगृहात वॉर्डन होते. एका मुलीचा मामा तिला न्यायला आला, लग्न ठरलंय म्हणाला, तर मी फाटकात आडवी उभी राहिले होते. नुसती उभी. हातात काही नाही, कायदा कुठला ते माहीत नाही, चपला घालायलाही वेळ झाला नव्हता. तो तासभर शिव्या देऊन निघून गेला. ती माझी पहिली नोंद. मधल्या सतरा वर्षांत मी बिबट्या पाहिला नाही, ऊस तोडला नाही. मी फक्त मुलाखती दिल्या, मुदतवाढीचे अर्ज लिहिले, सह्यांसाठी बाकांवर बसले, आणि आता दुसरी नोंद घ्यायची वेळ आली तर मी जीपमध्ये हो सर म्हणते. पाच महिन्यांत कुणाची स्मरणशक्ती किती गेली हे मोजणारी बाई. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. शेजारच्या बाईने मला स्तोत्राचं पान उघडून दिलं, तिला वाटलं मला सापडत नाहीये.

आणि आज हा तक्ता, गुरुवारची पंचवीस मुलं बाजूला ठेवून केलेला. मी गेला दीड तास काय करत होते तर एका यंत्राशी भांडत होते की एकतिसावी ओळ ठेव. त्याला कारण देता येत नव्हतं. ऑक्टोबर: बारा. एप्रिल: रिकामं. दोन गटांच्या जुन्या आराखड्यात ती निदान राहिली तरी असती, जाणाऱ्या चाळिसांतली एक, बाराचा आकडा सरासरीत कुठेतरी विरघळलेला. कुठल्या मुलीचा ते कुणाला कळलं नसतं आणि ती गेली हेही कुणाला कळलं नसतं. आता या न्यायाच्या आराखड्यात ती रिकामी चौकट उघडीनागडी दिसत होती, आणि दिसते म्हणूनच काढायची होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मोठ्याने शिवी दिली, तेव्हा आई गव्हाचं सूप घेऊनच बाहेर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, चष्म्यावरून बघते. मला कुणालातरी सांगायचंच होतं. नाव न घेता सांगितलं, एकतीस नंबर म्हणूनच सांगितलं, शब्द, बिबट्या, ओळी, माघातलं लग्न, गाळलेली ओळ. आईने गव्हातला एक खडा बाजूला काढला. मला वाटलं, आता म्हणणार एंजेला असती तर.

“दाखला नेलाय का तिचा?” आईने विचारलं.

मी म्हटलं, कसला दाखला?

“शाळा सोडल्याचा. तो नेला नसेल तर नाव पटावर आहे. मूल दिसत नाही म्हणून कुणी नाव खोडत नाही, लिडिया. मी कधी खोडलं नाही. गैरहजर लिहायचं आणि चार दिवसांनी त्याच्या घरी जायचं, का येत नाही म्हणून विचारायला.” ती खुर्चीवर टेकली. “तेहतीस वर्षं तेच तर केलं. शिकवलं कमी, हुडकलं जास्त.”

आणि मग ती मला म्हणाली की तू तिला नंबर का म्हणतेस, तिला नाव नाही का. मी सांगितलं की मी शब्द दिलाय, आई, लेखी दिलाय. आईने यावर काही उपदेश केला नाही. ती मला एवढंच म्हणाली की शब्द कुणाला दिलास, आईला की मुलीला? आणि सूप घेऊन आत गेली. मी अंगठ्याचा तो कागद पुढ्यात ओढला. बरं, मंग ध्यानात ठिवते, असं ती मुलगी म्हणाली होती. मी तिला सांगितलं होतं की तुम्ही परत आल्यावर पुन्हा विचारणार. तोही शब्दच होता, आणि तो तिला दिला होता, पत्र्याच्या दाराच्या आत, कुणाचाही अंगठा न घेता. तिने तिच्याकडून पाळला. अकरा जणांकडून पाळून घेतला.

मी हनुमंत गुरुजींना फोन केला. आधी शनिवारबद्दल माफी मागितली, मग विचारलं, दिशाचा दाखला कुणी नेला का. त्यांच्यामागे पटांगणातला गलका ऐकू येत होता. न्हाई नेला, गुरुजी म्हणाले, पटावर हाय ती. जन्मतारीख हाय. मग आवाज खाली आणून म्हणाले, बाई, तुमी फोन लावनार असाल तर मला इचारतील. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, इचारलं तर पट दाखवीन. त्यांनी एवढं म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. गुरुवारचं काय, पंचवीस मुलांचं काय, तीस तारखेचं काय, हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं, जरासुद्धा कमी झालं नव्हतं. छबूबाईचा अंगठा समोरच होता. तिच्या घरी पोलीस गेले तर ती मला काय म्हणेल तेही मला ऐकू येत होतं, आणि तिचंही काही चुकलं नसतं. मी संगणक मिटला आणि मुलांच्या मदतीसाठीचा तो चार आकडी नंबर लावला, दहा अठ्ठ्याण्णव.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजावरून नवीनच लागलेली, एकेक प्रश्न कागदावरून वाचत असावी. तालुका विचारला, सांगितला. सध्या मुलगी कुठे आहे, शेवगावकडे. वय, तेरा, शाळेच्या पटावर जन्मतारीख आहे. मुलीचं नाव? मी नंबर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, दिशा. सहा महिन्यांत मी ते पहिल्यांदा गावाबाहेरच्या कुणाला तरी सांगत होते, आणि आतल्या खोलीत सुपाचा आवाज थांबला. तिने नाव लिहून घेतलं. मग तिने विचारलं, मॅडम, तुमचं मुलीशी नातं काय?

मी म्हटलं, मी तिला एकदा बारा शब्द विचारले होते, आणि परत विचारायला येईन असं सांगितलं होतं.